खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांची देखभाल: नागपुरात कोणत्या सरकारी सोयींचा आधार घ्यावा?

मानेवाड्याची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, परंतु तो तुकड्यातुकड्याने विचारला तर उत्तरेही तुकड्यातच मिळतील, म्हणून घरची सगळी परिस्थिती एकत्र मांडते.

माझे वडील पाच आठवड्यांपूर्वी पहाटे न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. त्यांचे खरे वय ७९ आहे, जन्म १९४६ चा, उमरेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. आधार कार्ड काढताना जवळ कोणताही दाखला नव्हता, तेव्हा समोरच्या माणसाने अंदाजाने १९५७ हे वर्ष टाकले, आणि आम्हीही ते कधी मनावर घेतले नाही. त्याची किंमत त्या दिवशी कळली. ज्या रुग्णालयात आम्ही त्यांना प्रथम नेले, तिथल्या खिडकीवर सांगण्यात आले की, सत्तरीपुढच्यांचे कार्ड यांना मिळणार नाही, कारण कागदावर ते ६८ वर्षांचे आहेत. आणि आमची शिधापत्रिका केशरी असल्यामुळे दुसरी योजनाही लागू नाही. यात तीन दिवस गेले. अखेर दुसऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याने, त्याच केशरी शिधापत्रिकेवर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करवून दिली. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

मात्र खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली आहे. योजनेने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, पण आता रोजची औषधे, व्यायाम करवून घेणारा माणूस, कमोडची खुर्ची, दिवसभर जवळ बसणारे कोणीतरी, हे सगळे आमच्यावर आहे. मी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते आणि सकाळी आठला घर सोडते. भाऊ पुण्याला असतो. आई ७२ वर्षांची आहे, तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे, गुडघे दुखतात. तिने बाबांना उचलून बसवावे असे मला म्हणवत नाही, तरी ती ते करते. बाबा कापडगिरणीत होते, गिरणी बंद पडली, आणि २००४ पासून त्यांना ईपीएस-९५ चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचे, जे निवृत्तिवेतन मिळते त्यात औषधेदेखील भागत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार घाबरवते. गेले चार-पाच दिवस त्यांना रात्री गिरणीचा भोंगा ऐकू येतो. पाळी चुकेल म्हणून ते उठायला धडपडतात, आईलाही ओळखत नाहीत, आणि सकाळी पुन्हा बरेचसे नीट बोलतात. हा वयाचा परिणाम समजायचा, की काही करण्यासारखे आहे?

ज्यांनी यातून वाट काढली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त परिचारिका, अजनी

ताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखे नाही.

वृद्ध माणूस मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अचानक, विशेषतः रात्री, गोंधळू लागला आणि दिवसा सावरला, तर त्याला वय किंवा वेड समजून सोडून देऊ नये. बहुतेक वेळा त्यामागे शरीरातले काहीतरी कारण असते आणि ते शोधले तर सापडते: लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, अनेक दिवसांची बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, न सांगितलेली वेदना, फुप्फुसात कफ साठणे, अथवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध. झोपेच्या गोळीने हे वाढू शकते, म्हणून रात्री धडपडतात या कारणाने परस्पर झोपेची गोळी देऊ नका. उद्याच त्यांना डॉक्टरांना दाखवा, सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या, आणि हा गोंधळ कोणत्या दिवसापासून सुरू झाला ते नेमके सांगा. ताप असेल, श्वास लागत असेल किंवा दिवसाही ते गुंगीत राहू लागले, तर उद्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा. घरी एवढे करता येईल: चष्मा लावून ठेवा, खोलीत रात्रभर मंद दिवा असू द्या, भिंतीवर मोठ्या आकड्यांचे घड्याळ लावा, आणि ते भोंग्याविषयी बोलू लागले तर वाद घालू नका. "आज सुटी आहे, बाबा" एवढे शांतपणे म्हटले तरी पुष्कळदा माणूस निवतो.

आता खुब्याविषयी. पस्तीस वर्षे वॉर्डात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाडापेक्षा अंथरूण जास्त मारते. माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्याच्या बाजूला त्वचा लाल दिसते का, हे दिवसातून दोनदा उजेडात पाहिले पाहिजे, कारण शय्याव्रण एकदा उघडले की ते महिनोन्महिने भरत नाही. ते पडून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलावी. हवेची गादी मिळाली तरी कूस बदलणे सुटत नाही. डॉक्टरांनी पायावर भार देण्याची परवानगी दिली असेल तर वॉकर धरून रोज थोडे थोडे उभे करा आणि जेवण खुर्चीवर बसवूनच द्या. सांधा बदललेला असेल तर खाली उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि पाय एकमेकांवर टाकणे डॉक्टर सांगतील तोवर बंद ठेवा. म्हणूनच कमोडची खुर्ची आधी घ्या, बाकीचे नंतर.

व्यायामासाठी तुम्हाला मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जवळ आहे. मानेवाड्याहून तुकडोजी पुतळ्यामार्गे फारसे अंतर नाही. या महाविद्यालयाचे स्वतःचे फिजिओथेरपी स्कूल आणि केंद्र आहे. पहिल्यांदा अस्थिरोग विभागात दाखवून तिथली चिठ्ठी घ्या. रोज नेणे जमणार नाही हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिथे स्पष्टपणे सांगा की आम्ही आठवड्यातून एकदाच येऊ शकतो, आम्हाला घरी करण्याचे व्यायाम शिकवा. त्या वेळी जो माणूस घरी प्रत्यक्ष व्यायाम घेणार आहे, त्यालाच सोबत न्या. मोबाइलवर चित्रीकरण करून घेण्याची परवानगी विचारली तर सहसा नाही म्हणत नाहीत.

एक गोष्ट अनेकांच्या मनात गोंधळलेली असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत सर्व काही निःशुल्क झाले असे लोक म्हणतात, ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरते खरे आहे. मेडिकल आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) ही वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये आहेत, म्हणून तिथे काही शुल्क लागले तर फसवणूक झाली असे समजू नका. ते खाजगीच्या मानाने फारच थोडे असते, आणि तेही परवडत नसेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. हे पद रुग्णांना माहीतच नसते, याचे मला नोकरीभर वाईट वाटत आले.

आईंची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या यांसाठी मात्र मेडिकलच्या रांगेत उभे राहू नका. महानगरपालिकेच्या जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची नोंद करा. त्या भागातल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा.

पूर्वी आरोग्यमित्र होतो

कार्डांच्या बाबतीत थोडे स्पष्टीकरण देतो, कारण तुम्हाला पहिल्या ठिकाणी मिळालेली माहिती अर्धी बरोबर आणि अर्धी चुकीची होती.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. त्याचे वेगळे कार्ड निघते, त्याला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. यात वय आधारवरूनच मोजले जाते, त्यामुळे बाबांच्या बाबतीत खिडकीवर जे सांगितले ते नियमाला धरून होते. पण महात्मा फुले योजनेला वयाची अट नाही, आणि २०२३ च्या निर्णयानंतर ती केवळ पिवळ्या शिधापत्रिकेपुरती नाही, केशरीपुरतीही नाही; पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेसुद्धा तिच्यात आहेत. तुम्हाला केशरीवर परत पाठवले, ही सरळ चूक होती. असे पुन्हा झाले तर खिडकीवर वाद घालण्यात वेळ न घालवता तिथूनच १५५३८८ वर फोन करून रुग्णालयाचे नाव सांगावे. रुग्णालय योजनेत असणे पुरेसे नसते, त्या विशिष्ट उपचारासाठी ते योजनेत आहे का हेही विचारावे लागते. शिवाय काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, ते खाजगीत योजनेतून होतच नाहीत. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी असे डॉक्टर सांगतात, आणि कागदांपायी गेलेले तीन दिवस म्हाताऱ्या माणसाला फार महाग पडू शकतात. म्हणून घरातले सगळे निरोगी असतानाच हे कागद करून ठेवावेत, असा माझा प्रत्येकाला आग्रह असतो.

तेव्हा आईंचे वय वंदना कार्ड याच आठवड्यात काढा. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल एवढेच लागते. आयुष्मान ॲपवर घरबसल्या होते, नाहीतर योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयातला आरोग्यमित्र काढून देईल. आधीपासून असलेल्या आजारांसाठी यात थांबण्याचा काळ नाही. पुढे बाबांचेही कार्ड निघाले तर ५ लाख दोघांत मिळून राहतील, प्रत्येकी नव्हे. आणि हे लक्षात असू द्या की ही दोन्ही संरक्षणे मुख्यतः भरती झाल्यावरची आहेत. घरी सोडल्यावर महात्मा फुले योजनेत १० दिवस आणि आयुष्मानमध्ये १५ दिवस पाठपुराव्याचे धरलेले असतात. त्यानंतरची गोळी, तपासणी, व्यायाम आणि माणूस यांपैकी काहीही त्यात बसत नाही. लोक आमच्याकडे पाचव्या-सहाव्या आठवड्यात औषधांची बिले घेऊन यायचे आणि त्यांना नाही म्हणताना जीव कळवळायचा.

आता आधारवरच्या जन्मवर्षाचे. तुमच्या प्रश्नातच एक मोठा पुरावा आहे. ईपीएस-९५ चे पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते आणि कमी दराचे घेतले तरी ५० च्या आत मिळत नाही. १९५७ चा जन्म खरा मानला तर २००४ मध्ये बाबा ४७ वर्षांचे ठरतात. याचा अर्थ भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत त्यांचे जन्मवर्ष वेगळे असले पाहिजे. निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, ज्याला पीपीओ म्हणतात, तो शोधा आणि त्यावरची तारीख पाहा. मात्र आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईने अर्ज करू नका. आधार सेवा केंद्रात ग्राह्य कागदपत्रांची यादी आधी पाहा, आणि शक्य असेल तर जन्माचा दाखला मिळवून मगच जा. जुन्या मध्य प्रांतातल्या गावांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असायच्या; त्यांची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळू शकते. तुमच्यासाठी तो कक्ष उमरेडला असेल.

ज्येष्ठ नागरिक मंडळाचा कार्यकर्ता, हनुमाननगर

साहित्याबद्दल मी सांगतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, दातांची कवळी अशा वस्तू मोफत मिळतात, परंतु त्या शिबिरांत तपासणी करून दिल्या जातात आणि दारिद्र्यरेषेखालील अथवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांनाच मिळतात. शिबिर लागेपर्यंत बाबांना थांबवता येणार नाही. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. तिच्यात ६५ वर्षांवरील व्यक्तीच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असले पाहिजे. यात आधारवरचे ६८ सुद्धा चालते, म्हणजे दुरुस्तीची वाट पाहायला नको, पण ताईंचा पगार उत्पन्नात धरला तर मर्यादा ओलांडते का ते पाहावे लागेल. चौकशी दीक्षाभूमी मार्गावरच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी.

आमच्या मंडळाने मात्र वेगळी वाट धरली आहे. ज्यांच्या घरचे माणूस बरे झाले किंवा गेले, त्यांच्याकडचे वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या आम्ही मागून आणतो, धुऊन-पुसून ठेवतो आणि गरजूंना वापरायला देतो. तुमच्या वस्तीतही असे मंडळ असेलच. संध्याकाळी बगिच्यात किंवा विरंगुळा केंद्रात जाऊन विचारा, संकोच करू नका.

आणखी एक हक्काची गोष्ट. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातले कलम २० सरकारी आणि सरकारी मदत घेणाऱ्या रुग्णालयांविषयी आहे. ज्येष्ठांना शक्य तितक्या खाटा द्याव्यात, त्यांची रांग वेगळी असावी, आणि जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी राखीव सोय असावी, असे त्यात लिहिले आहे. वेगळी रांग दिसली नाही तर नम्रपणे, पण कायद्याचे नाव घेऊन विचारावे. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यानेच खुर्ची मिळते. ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. तिथे माहितीही मिळते आणि मनाला धीरही.

सासूबाईंची आठ वर्षे सेवा केली

वरच्या सर्वांनी फार मोलाचे लिहिले आहे. मी फक्त त्या एका प्रश्नावर लिहिते ज्यावर कोणी आले नाही: दिवसभर जवळ कोण बसणार?

याचे सरकारी उत्तर माझ्या पाहण्यात नाही. मी शोधले होते. रुग्णसेवेची माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून बाई ठेवली तर बारा तासांचे जे पैसे होतात, ते तुमच्यासारख्या घराला महिनोन्महिने देणे अवघड आहे. म्हणून माझा अनुभव असा सांगते की, पूर्ण दिवसाचा माणूस शोधण्याआधी दिवसातली कोणती कामे आईंच्या शरीराला झेपत नाहीत ती वेगळी काढा. आमच्याकडे ती दोनच होती, सकाळी उठवून आंघोळ घालणे आणि दुपारी कमोडवर बसवणे. त्यासाठी सकाळी दोन तास आणि दुपारी एक तास येणारी बाई मिळाली, आणि घर तगले. रुग्णाला उचलण्याची रीत त्या बाईला परिचारिकेकडून शिकवून घ्या, नाहीतर तिची कंबर जाते आणि ती चौथ्या दिवशी येत नाही.

भावाविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. पुण्याहून येणे जमत नसेल, पण त्या बाईंचा पगार दरमहा पाठवणे जमेल का, हे त्याला मोकळेपणी विचारा. मी विचारले नव्हते. माझे दीर नंतर म्हणाले की, वहिनी, तुम्ही सांगितले असते तर आम्ही केले असते. ते खरे होते असे मला आजही वाटते, आणि ती आठ वर्षे मी उगाच एकटीने ओढली याचे दुःख आहे.

आईंना रोज अर्धा तास तरी घराबाहेर जाऊ द्या. त्या नाही म्हणतील. तरी पाठवा.

मानेवाड्याची लेक

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. झालेले कळवते.

काकू, तुमचा निरोप वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांना दाखवले. लघवीत संसर्ग निघाला, सोडियमही थोडे कमी होते. औषधांच्या पिशवीत एकाच प्रकारची गोळी दोन वेगळ्या नावांनी दोनदा चालू होती, तीही डॉक्टरांनी थांबवली. आज सहावा दिवस. गेल्या दोन रात्री भोंगा वाजला नाही. काल सकाळी त्यांनी आईला चहात साखर कमी आहे म्हणून हटकले, आणि आम्ही दोघी रडलो.

आईचे वय वंदना कार्ड निघाले. हनुमाननगरच्या काकांनी सांगितले तसे बगिच्यात विचारले, तर पलीकडच्या गल्लीतून कमोडची खुर्ची मिळाली; तिची जुनी मालकीण गेल्या वर्षी वारली, तिच्या मुलाने स्वतः आणून दिली. भावाशी बोलले. सकाळच्या बाईंचा पगार तो देणार आहे.

पीपीओ आईच्या पेटीत लग्नातल्या शालूखाली सापडला. त्यावर जन्मवर्ष १९४६ आहे. पुढच्या सोमवारी सुटी घेऊन उमरेडच्या तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागायला जाणार आहे. तिथे जाताना काय काय जवळ असावे?

पूर्वी आरोग्यमित्र होतो

गावाचे त्या काळचे नाव, म्हणजे मौजा, पाठ करून जा. नंतर नाव किंवा तालुका बदललेला असू शकतो. आजोबांचे पूर्ण नाव आणि जन्माचे अंदाजे साल लागेल. एक लक्षात ठेवा की, कोतवाल बुकात बाळाचे नाव बहुधा नसते. वडिलांचे नाव आणि पुढे "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच असते. म्हणून बाबांच्या सख्ख्या भावंडांची जन्मसाले क्रमाने लिहून न्या, म्हणजे कोणती नोंद त्यांची आहे हे ठरवता येईल. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, आणि सकाळी कार्यालय उघडतानाच पोहोचा.